बिशपच्या खोलीचं नवं दार

फेलिम टनीच्या परसात एक बिशप राहायचा. खरा बिशप तिकडे शहरात, मोठ्या बंगल्यात, बागेला माळी ठेवून. हा आपला घर गरम ठेवणारा, रॉकेलवर चालणारा बॉयलर. पण खऱ्यापुढे गुडघे टेकतात, तसे याच्यापुढेही टेकावे लागत. खऱ्याच्या अंगठीला ओठ लावायचे, याचं लाल बटण दाबायचं. आणि कितीही विनवण्या करा, मर्जी असेल तेव्हाच ऐकणार, याबाबतीत दोघांत काडीचाही फरक नव्हता. आयर्लंडमधल्या आमच्या लेट्रिममध्ये असं काही कुणी बोललं की बायका आधी छातीवर क्रूस काढतात आणि मग तोंड फिरवून हसतात.

बिशप आला होता सिस्टरांच्या मठातून. मठ बंद झाला, सिस्टर डब्लिनला गेल्या आणि गावाने सामान वाटून घेतलं. कुणी घंटा नेली, कुणी बाकं नेली. फेलिम तेव्हा डेअरीची दुधाची लॉरी चालवायचा आणि त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. त्याने दुधाचे रिकामे कॅन बाजूला सारून बॉयलर लॉरीत चढवला, वर गुडघे टेकायची एक लाल गादीही उचलली, आणि घरी येऊन नव्या नवरीला म्हणाला, "बघ तुझ्यासाठी काय आणलंय!" नव्या नवरीला वाटलं, कपडे ठेवायचं कपाट असणार. तिचं नाव कन्सेप्टा. त्या दिवसापासून तिचं आणि बिशपचं कधी जमलं नाही.

फेलिमचं मात्र असं जमलं की विचारू नका. लॉरी असो, बॉयलर असो, त्याने आयुष्यात कधी मेकॅनिकला पाय ठेवू दिला नाही. डेअरीची लॉरी निकालात निघाली तेव्हा तिचं इंजिन ठणठणीत होतं, इंजिनाभोवतीची लॉरी तेवढी गंजून गळून पडली होती. तसंच बिशपचं. त्याचा पंप बदलला, पंखा बदलला, पत्र्याला ठिगळं लागली, पण फेलिम म्हणायचा, "आत्मा तोच आहे." नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, आज रॉकेल कमी येतंय, आज फिल्टरमध्ये कचरा अडकलाय, आज नॉझलने मान टाकलीय. सकाळी उठला की चहाचा मग आणि छोटा रेडिओ घेऊन तो परसातल्या बिशपच्या खोलीत जायचा, लाल गादीवर गुडघे टेकायचा, आणि मग जेवायच्या हाकेपर्यंत गडी बेपत्ता. कन्सेप्टा म्हणायची, "देवळात इतका टेकला असतास तर एव्हाना संत झाला असतास."

लॉरी सुटल्यावर, म्हणजे निवृत्त झाल्यावर, एका उन्हाळ्यात बिशप फारच गुण्यागोविंदाने वागला. कुठे काही बिघडेचना. फेलिमचे हात शिवशिवायला लागले आणि तो घरात शिरला. त्याने कन्सेप्टाचं शिलाई मशीन उघडलं, तेलपाणी केलं, जोडलं. मशीन सुरेख चाललं, फक्त उलटं. मग त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. कन्सेप्टाने घड्याळ काढून पदराआड धरावं तसं छातीशी धरलं आणि ओरडली, "हात लावशील तर खबरदार!" थंडी सुरू झाली, बिशपने पहिला झटका दिला, फेलिम परत परसात गेला आणि घरात शांतता झाली.

असं हे चाललं होतं. आणि मग त्यांच्या घरी घरमिस्सेचा नंबर लागला.

आमच्याकडे घरमिस्सा, म्हणजे देवळाऐवजी घरात होणारी प्रार्थना, फिरती असते. या खेपेला या घरी, पुढच्या खेपेला त्या घरी. फादर येतात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिस्सा होते, सगळी वाडी जमते आणि नंतर सगळ्यांना पोटभर नाश्ता. नंबर लागला की लोक घर असं रंगवतात की घरच्या कुत्र्याला ओळखू येऊ नये. कन्सेप्टाची मोठी बहीण अ‍ॅट्रॅक्टा, तिच्याकडे मागची घरमिस्सा झाली होती. तिने घरात फरशीखालून ऊब खेळवली होती, अगदी नवी कोरी पद्धत. आता ती रोज चहाला यायची ते तेवढंच सांगायला.

"फादर गिलरॉयनी बूट काढले गं आमच्याकडे, बूट! म्हणाले, अ‍ॅट्रॅक्टा, पायांना स्वर्ग लागला."

"माणसाच्या पायांना आधी स्वर्ग लागला तर समजावं, उलटा लटकलाय," फेलिम म्हणाला.

"हसा, हसा. तुमच्याकडे मागच्या वेळी काय झालं ते आठवतंय मला. फादर 'प्रभू तुमच्याबरोबर असो' म्हणाले आणि तोंडातून वाफ निघाली! मला तर वाटलं, पवित्र आत्माच बाहेर पडला."

कन्सेप्टाच्या अंगाचा तिळपापड झाला. बहिणीवर राग, बिशपवर राग, आणि सगळा निघाला नवऱ्यावर. तिने चहाची किटली टेबलावर आपटली.

"फेलिम, ऐक. अ‍ॅट्रॅक्टाच्या समोर सांगतेय. मिस्सेच्या शेवटी फादर आशीर्वादाला हात वर करतील, त्या घटकेला या स्वयंपाकघरातला हा ऊब देणारा रेडिएटर गार लागला, तर तुझा बिशप भंगारात जाईल. दुसऱ्याच दिवशी फरशी उखडायला माणूस येईल."

"आणि गरम लागला तर?"

"तर मी पुन्हा त्याचं नाव काढणार नाही. मरेपर्यंत."

"तुझ्या मरेपर्यंत की त्याच्या?"

"जो आधी जाईल त्याच्या!"

"कबूल," फेलिम म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. कन्सेप्टाने त्यावर टाळी दिली. अ‍ॅट्रॅक्टाने हातमोजा काढून रेडिएटरवर हात ठेवून बघितला. "मी स्वतः हात लावून बघणार हं त्या वेळी," ती म्हणाली. आता एक खरं सांगायला हवं, अ‍ॅट्रॅक्टा खवचट होती, पण खोटं बोलणारी नव्हती.

फेलिमच्या अंगात वारं संचारलं. त्याने बिशपला असा धुऊनपुसून काढला की सिस्टरांनीही काढला नसेल. आतल्या लोखंडी पट्ट्या बाहेर ओढल्या, तारेच्या ब्रशने काजळी खरवडली, आणि दुपारी तो बाहेर आला तेव्हा डोळे आणि दात एवढंच पांढरं दिसत होतं. रॉकेलचा फवारा उडवणारं नॉझल नवं बसवलं. ठिणगी पाडणाऱ्या दोन काड्यांमधलं अंतर प्रार्थनेच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याने मोजलं. ज्योतीवर नजर ठेवणारा जो इवलासा डोळा असतो, ज्योत दिसली नाही की जो बॉयलर बंद करून लाल बटण पेटवतो, तो त्याने धुतलेल्या रुमालाने पुसला. मग हवेची झडप. ती तर निव्वळ नजरेची आणि कानाची गोष्ट. अंगणात उभं राहून धुराड्याकडे बघायचं, आत येऊन स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा अंगणात. काळा धूर आला तर हवा कमी, ज्योत फडफडली तर हवा जास्त. अखेर धुराड्यातून धूर दिसेनासा झाला, वरची हवा तेवढी थरथरत राहिली. बिशपचा आवाज एकसुरी, गोड, घोरणाऱ्या तान्ह्या बाळासारखा. फेलिम तिथल्या तिथे दोन पावलं नाचला.

इथेच थांबला असता तर! पण आनंदाला उधाण आलेला माणूस थांबतो कुठे? बिशपच्या खोलीचं दार कुजलं होतं. खालून हातभर फळी केव्हाच गळून गेली होती आणि त्या फटीतून घरातली करडी मांजर खुशाल आत-बाहेर करायची. घरमिस्सेला सगळी वाडी येणार, आणि बिशपच्या घराला असलं दार? छे! फेलिमने नवं दार करायला घेतलं. जाड फळ्या, गडद हिरवा रंग, मठातून आलेली पितळी मूठ, आणि चारी बाजूंनी रबराची पट्टी. लावलं की 'थप्' असा भारी मोटारीच्या दारासारखा आवाज. वाऱ्याची काय बिशाद आत शिरायची! शेजारचा ह्यूई मॅकगर्ल मुद्दाम येऊन तीनदा लावून उघडून गेला. आणि कन्सेप्टा, चक्क कन्सेप्टा, कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "दार मात्र झकास झालंय हं." इतक्या वर्षांत बिशपसंबंधी तिच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द. फेलिमला आभाळ ठेंगणं झालं.

फक्त मांजर नाराज होती. ती दाराबाहेर बसून अशी ओरडत होती, जणू तिचं घरदार लुटलंय.

घरमिस्सेच्या आदल्या दिवशी सकाळी कन्सेप्टा पडदे लावत होती. तिने रेडिएटरला हात लावला आणि हाक मारली. "फेलिम! तुझा बिशप देवाघरी गेला वाटतं!"

फेलिम धावत परसात गेला. दार उघडलं. लाल बटण पेटलेलं. त्याने गुडघे टेकले, बटण दाबलं. पंखा फिरला, ठिणगी पडली, हूऽऽ करून बिशप जागा झाला. एकसुरी, गोड. फेलिम बराच वेळ ऐकत बसला. काही दोष नाही! "झोप लागली असेल म्हाताऱ्याला," तो म्हणाला, दार 'थप्' लावलं आणि आत येऊन चहा घेतला. चहा संपेपर्यंत रेडिएटर गार.

पुन्हा परसात. दार उघडलं, बटण दाबलं, हूऽऽ. या वेळी त्याने फिल्टर धुतला. बिशप मजेत. दार लावलं, आत आला. गार! मग त्याने नॉझल बदलून दुसरं घातलं. दार सताड उघडं टाकून, गुडघ्यांवर बसून, तो तासभर ज्योतीकडे बघत राहिला. बिशप गाणं म्हणत होता. दार लावलं. दहा पावलं चालला असेल, तेवढ्यात आतून घरघर झाली आणि धुराड्यातून काळा भपका निघाला. नुकत्याच चुना लावलेल्या भिंतीला दाढी फुटली.

"अरे, तू माझ्यासमोर शहाणा आणि पाठ वळली की द्वाड! शाळेत होतास काय रे कधी?" परत येऊन, दार उघडून बटण दाबता दाबता फेलिम त्याच्यावर खेकसला. बिशप गुरगुरत होता, कारण दार उघडं होतं. आता तुम्ही म्हणाल, एवढं साधं याला कळू नये? पण माणसाचं असंच असतं. जे आपण स्वतः केलंय, ज्याचं बायकोने कौतुक केलंय, त्यात खोट असेल असं मनात येतच नाही. फेलिमने रॉकेलवर संशय घेतला. पंपावर घेतला. मग वाऱ्याच्या दिशेवर घेतला. मग अ‍ॅट्रॅक्टावर घेतला. शेवटी देवावर घेणार होता, पण उद्या मिस्सा म्हणून थांबला.

कन्सेप्टा स्वयंपाकघराच्या खिडकीत भांडी विसळत हे सगळं बघत होती. एकदा तिने खिडकी उघडली, काहीतरी बोलायला तोंडही उघडलं. मग दोन्ही मिटून घेतलं. फेलिमला वाटलं, टोमणा होता, गिळला असेल. तिने प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर एकेक लोकरी शाल टाकून ठेवली, तेव्हा मात्र त्याच्या काळजात कळ आली.

मिस्सेच्या दिवशी मार्चची हाडं फोडणारी सकाळ होती. फेलिमने उठल्या उठल्या बिशप पेटवला. दार लावलं. विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा लावलं, पुन्हा विझला. अ‍ॅट्रॅक्टा आली ती सरळ रेडिएटरकडे गेली, हातमोजा काढला, हात ठेवला आणि काही न बोलता हातमोजा पुन्हा चढवला. न बोलता! हे फार झालं. तेवढ्यात फादर गिलरॉय आले. गोल चेहऱ्याचे, हसरे, नाश्त्यावर मनापासून प्रेम करणारे.

"काय फेलिम, तयारी झोकात दिसतेय!"

"हो फादर. तुम्ही सुरू करा, मी जरा... बिशपना बघून येतो."

"बिशप आलेत?" फादरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बॉयलर हो, फादर," कन्सेप्टा म्हणाली. "तुम्ही बसा."

परसात पुरुष मंडळी जमायला लागली होती. आमचे पुरुष मिस्सेला येतात, चुकवत नाहीत, पण आत जात नाहीत. देवळात असतं तेव्हा ते दाराबाहेर, भिंतीला पाठ लावून उभे असतात. देव त्यांना तिथे बघतो, फादर बघत नाहीत, आणि दोघांचं बरं चालतं. घरमिस्सेलाही तेच. पण आज थंडी अशी होती की भिंतीला पाठ लावली तर पाठ तिथेच राहिली असती. फेलिमने बिशपच्या खोलीचं दार उघडून बटण दाबलं, हूऽऽ झालं, आणि एकेक करून सगळे उबेला सरकले. ह्यूई मॅकगर्ल आत शिरला, डिनी कीगन आत शिरला, मागोमाग बाकीचे. खोली ती केवढी! निम्मे आत, निम्मे उंबऱ्यावर, आणि दार भिंतीला टेकून सताड उघडं.

बिशप जो गायला लागला!

"काय झालं होतं त्याला?" डिनीने विचारलं. डिनी म्हणजे सल्ल्याचं दुकान, आणि दुकान कधी बंद नाही.

"विझतोय गड्या. काय करावं कळत नाही."

"पंपावर चापट मार. माझ्या ट्रॅक्टरला मारतो तशी." आणि डिनीने मारलीसुद्धा.

"चापट कसली, त्याला आशीर्वाद हवाय," म्हणून ह्यूईने खिशातली जपमाळ बॉयलरच्या नळीला अडकवली.

बिशप चालूच. थोडा वेळ गेला, तरी चालूच. "बघितलंस? चापट!" डिनी म्हणाला. "जपमाळ!" ह्यूई म्हणाला. दोघांचं जुंपलं. फेलिमचा जीव भांड्यात पडला. चापट असो की जपमाळ, त्याचं काय जात होतं! स्वयंपाकघराची खिडकी आतून उघडली गेली. बायकांनी कोट काढले, शाली बाजूला केल्या. म्हाताऱ्या मिसेस कीगन प्रार्थनेच्या पुस्तकाने वारा घ्यायला लागल्या. फादरांच्या कपाळावर घाम दिसत होता. घाम! टनीच्या घरी! फेलिमने टोपी हवेत उडवली आणि ती छताच्या तारेत अडकली.

आत घंटी वाजली. बाहेर बॉयलरच्या खोलीत सगळ्यांनी टोप्या काढल्या आणि दाटीवाटीने गुडघे टेकले. समोर काय, तर बिशप. "अरे, आपण नक्की कुणापुढे टेकलोय?" ह्यूई कुजबुजला, आणि सगळ्यांचे खांदे हसून हलायला लागले. डिनीला तर उचकी लागली.

मग कम्युनियनची, म्हणजे पवित्र प्रसाद घ्यायची, वेळ झाली. यासाठी मात्र आत जावंच लागतं. एकेक जण ओळीने निघाला. फेलिम पुढे, डिनी सगळ्यांच्या शेवटी. फेलिम आत पोचला, कम्युनियन घेतलं, आणि सगळ्यांचं होताच फादर गिलरॉय हसत म्हणाले, "आता बसा बरं सगळे. एकदा तरी शेवटचा आशीर्वाद छताखाली घ्या." अ‍ॅट्रॅक्टाने लगेच खुर्ची रेडिएटरशेजारच्या मागच्या दाराला लावली आणि वर बसली. पुरुष सापडले.

डिनी फेलिमच्या कानाशी लागला. "काळजी नको. तुझं दार घट्ट लावून आलोय."

अहो, लावणारच! आमच्याकडे माणूस एक वेळ देवाला विसरेल, पण आपल्यामागे फाटक लावायला विसरणार नाही. फाटक उघडं टाकणाऱ्याला आम्ही माणसात धरत नाही. दुसऱ्याच्या शेतातलं, गोठ्यातलं, कसलंही दार असो, बाहेर पडलो की लावलं. डिनीने सभ्यपणे, प्रेमाने, 'थप्' लावलं होतं.

खिडकीतून काळा भपका दिसला. मग घरघर. मग काही नाही. थोड्या वेळाने रेडिएटर टिक् टिक् करायला लागला, थंड होताना लोखंड करतं तसा. फेलिम सगळ्यात मागच्या स्टुलावर बसला होता. त्याच्या हातांवर काजळी होती, गुडघ्यांवर काजळी होती. ते हात त्याने मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला. चापट नाही, जपमाळ नाही, नॉझल नाही, काहीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हात टेकले. उद्या बिशप भंगाराच्या गाडीत चढेल, आणि परवा सकाळी चहाचा मग घेऊन जायचं कुठे, हे त्याला सुचेना.

फादर आशीर्वादाआधीच्या सूचना सांगत होते. कब्रस्तानाची भिंत साफ करायची आहे, पुढची घरमिस्सा ह्यूईकडे आहे, रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी प्रार्थना करा म्हणजे तो बुजेल. अ‍ॅट्रॅक्टाने हातमोजा काढला आणि रेडिएटरवर हात ठेवला. "कोमट," ती हळूच म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "गार."

तेव्हा कन्सेप्टा उठली. आपल्याच घरच्या मिस्सेत, फादर बोलत असताना, निळा नवा पोशाख सावरत, बहिणीला खुर्चीसकट बाजूला सारून ती मागच्या दाराने बाहेर गेली. लोकांनी तोंडात बोटं घातली. फेलिम तिच्यामागे धावला.

ती बिशपच्या खोलीशी होती. दार उघडून, पाठीने भिंतीला दाबून धरून उभी होती. वारा दार ढकलत होता आणि ती वाऱ्याला.

"बघतोस काय? बटण दाब!"

"काही उपयोग नाही गं. पुन्हा विझेल."

"दार लावलंस की विझतो, गाढवा! उघडं असलं की चालतो. काल दिवसभर हेच चाललंय. कोंडून घातलंस त्याला. श्वास कुठून घेणार तो, कानातून?"

फेलिमने दाराकडे बघितलं. रबराच्या पट्टीकडे बघितलं. कुजक्या दाराखालच्या त्या हातभर फटीची त्याला आठवण झाली, आणि मांजरीच्या आरड्याओरड्याची. त्याने फाडकन कपाळावर हात मारला, पाची बोटं काळी उमटली. "हवा! अरे देवा, हवा! मी झडप केसभर फिरवत बसलो आणि खोलीचंच नाक दाबलं!" तो गादीवर धाडकन गुडघ्यांवर आदळला आणि त्याने बटण दाबलं. हूऽऽ!

आत फादरांच्या सूचना संपल्या होत्या. यजमान नाहीत, यजमानीण नाही, आशीर्वाद कुणाला देणार? ते मागच्या दारात आले, मागोमाग सगळी वाडी. समोर हे दृश्य: एक गुडघ्यांवर, एक दाराला पाठ लावून. फादरांना वाटलं, काहीतरी फार पवित्र चाललंय. त्यांनी हात उचलायला सुरुवात केली.

"फादर, हात खाली!" कन्सेप्टा ओरडली.

फादरांचा हात छातीशी थबकला.

"म्हणजे... तसाच धरा. वर करू नका. अजून नको. अ‍ॅट्रॅक्टा! रेडिएटरला हात लाव!"

"लावलाय!" आतून आवाज आला. "गार!"

"थांबा हं फादर."

"माझा नाश्ता..." फादर क्षीणपणे म्हणाले.

"सॉसेज पळून जात नाहीत. अ‍ॅट्रॅक्टा?"

"कोमट!"

सगळी वाडी श्वास रोखून उभी. फादरांचा हात अर्ध्यावर लोंबकळत होता, तो थरथरायला लागला तेव्हा डिनीने खालून कोपराला टेकू दिला. बिशप घोंघावत होता. धुराड्यावर हवा तेवढी थरथरत होती.

"अ‍ॅट्रॅक्टा!"

"हाय हाय, भाजलं गं!" असा सणसणीत आवाज आला. फादरांनी क्षणही न दवडता हात वर नेला, भला मोठा क्रूस काढला, आणि पुरुष मंडळींनी असं 'आमेन' ठोकलं की छतावरची फेलिमची टोपी खाली पडली. अ‍ॅट्रॅक्टा तळहात फुंकत बाहेर आली. "गरम आहे. जिंकला मेला," ती म्हणाली. सांगितलं होतं ना, ती खोटं बोलणारी नव्हती.

नाश्ता झाला. फादरांनी दोनदा वाढून घेतलं. चापट की जपमाळ हा वाद डिनी आणि ह्यूई रस्त्यापर्यंत घेऊन गेले. सगळे गेल्यावर फेलिमने आपलं लाडकं हिरवं दार बिजागऱ्यांतून उचललं, दोन पिंपांवर आडवं टाकलं आणि करवत आणली. दार हलू नये म्हणून कन्सेप्टा त्यावर चढून बसली, निळ्या पोशाखाखाली पोतं घेऊन. करवत चालू झाली. हिरव्या रंगाचा भुगा त्याच्या बुटांवर पडत होता.

"कन्सेप्टा, हे दाराचं तुला कळलं कधी?"

"काल. दुपारी. खिडकीतून."

करवत थांबली. "काल! आणि बोलली नाहीस?"

"का बोलू? मला गरम फरशी हवी होती." तिने पाय हलवले. "काय हसतोस? अजूनही हवीय."

"मग आज का बोललीस?"

"काप तू."

त्याने कापलं नाही. तिने कपाळावरचे केस मागे सारले, आणि तिथे काजळीचा पट्टा उमटला.

"तू मागे त्या स्टुलावर बसला होतास," ती म्हणाली. "हात असे मांडीवर ठेवून. एकदम म्हातारा दिसलास रे. मला भीती वाटली. फरशी गरम आणि तू असा बसलेला, मग मी काय करू त्या फरशीचं?"

फेलिमने दारावरचा भुगा हाताने झटकला.

"आणि दुसरं," ती घाईघाईने म्हणाली, "परवापासून तू दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात! मशीन अजून उलटंच शिवतंय. घड्याळ कुठे लपवलंय ते मी मरेपर्यंत सांगणार नाही. काप म्हणते ना!"

त्याने कापलं. दाराखालची हातभर फळी तुटून खाली पडली. दोघांनी मिळून दार उचललं आणि बिजागऱ्यांत बसवलं. फेलिमने ते सवयीने लावलं. या वेळी 'थप्' आवाज आला नाही. दोघं कान देऊन उभे राहिले. आत बिशप चालू होता.

करडी मांजर भिंतीवरून उतरली, दोघांकडे न बघता, खालच्या फटीतून आत गेली.